निप्पल ग्रीस घेत नसेल, तर डबा बदलून काय होणार?

मोहोळकडच्या एका भावाने विचारलंय. घरात एक ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या आणि वडिलांच्या वेळचा एक जुना ट्रक आहे. गळीत हंगाम तोंडावर आलाय. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलची मधली पिन, ट्रकच्या किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या उभ्या पिना) आणि ट्रॉलीचे शॅकल (पाटे चेसिसला टांगणाऱ्या कड्या) यांची दोन-तीन निप्पलं, म्हणजे ग्रीस आत घालायची छोटी तोंडं, ग्रीस घेतच नाहीत. ग्रीसची गन मारली की ग्रीस निप्पलच्या कडेनेच बाहेर येतं. दुकानदाराने 'हे भारी आहे' म्हणून निळ्या ग्रीसचा डबा गळ्यात मारला, तरी वळताना किरकिर आहे ती आहेच. तर आता कोणतं ग्रीस घेऊ?

भाऊ, खरं सांगायचं तर तुमची अडचण ग्रीस 'कोणतं' ही नाहीच. ते जिथं पोचायला हवं तिथं पोचत नाही, ही आहे. न पोचणारं महाग ग्रीस आणि न पोचणारं स्वस्त ग्रीस, पिनेला दोन्ही सारखीच. म्हणून आधी वाटेचं बोलू, मग डब्याचं. गाडी माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी 'असं असेल तर' म्हणूनच सांगाव्या लागतील. आणि तुमच्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात माझ्यापेक्षा वेगळं लिहिलं असेल, तर पुस्तकाचं ऐका.

सोलापुरात तुळजापूर रस्त्याला माझं गॅरेज आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, एक ट्रक आला. स्टेअरिंग इतकं जड की ड्रायव्हर दोन्ही हातांनी लटकून वळवत होता. म्हणाला, "मालक, दर आठ दिवसाला ग्रीसिंग करतो." खोटं बोलत नव्हता. किंगपिनच्या आजूबाजूला ग्रीसचा बोटभर थर होता, त्यावर मातीचं प्लास्टर. पिन काढायला अख्खी दुपार गेली. वरचा बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, ओला, चकचकीत. खालचा बुश कोरडा ठाक, आत विटकरी रंगाची भुकटी. बुशच्या आत ग्रीस फिरायला जी खाच असते, ती जुन्या ग्रीसने भरून दगड झाली होती. पेचकसाने खरवडली तर वाळलेल्या गुळासारखे टवके पडले. वरून अभिषेक आणि आत दुष्काळ. ड्रायव्हरने वर्षभर घातलेलं ग्रीस वरच्या वर बाहेर पडत होतं आणि ते बघून 'गेलं बरं का आत' असं त्याला वाटत होतं.

तेव्हा पहिलं काम, निप्पल काढून हातात घ्या. गनला लावा आणि हवेतच दोन झटके मारा. टोकातून ग्रीसची वळी सरळ आली, तर निप्पल शाबूत आहे, चोक पुढच्या भोकात आहे. नाही आली, तर आतली बारीक गोळी आणि तिची स्प्रिंग मातीने जाम झालीय. असलं निप्पल धुऊन वाचवत बसू नका, नवीन लावा. चहाच्या पैशात येतं. फक्त जुनं दुकानात घेऊन जा, कारण आटे वेगवेगळे असतात. ६, ८, १० मिलिमीटर असतात, शिवाय जुन्या गाड्यांना इंची आटेही सापडतात. बळजबरीने दुसरंच पिळलं तर भोकाचे आटे जातील आणि दहा रुपयांच्या वस्तूसाठी टॅप मारून नवे आटे पाडायची वेळ येईल.

ग्रीस निप्पलच्या कडेने येतं म्हणालात. यात निम्म्या वेळा दोष गनच्या तोंडाचा, म्हणजे कप्लरचा निघतो. कप्लरच्या आतले जबडे झिजले की ते निप्पलची मान नीट पकडत नाहीत. नव्या निप्पलवर लावून बघा. तिथेही गळत असेल तर कप्लर बदला. पकड तिरकी बसत असेल, म्हणजे मध्ये पाटा नाहीतर रॉड येत असेल, तर सरळ निप्पलच्या जागी ४५ किंवा ९० अंशाचं वाकडं निप्पल लावा. ट्रॉलीच्या शॅकलला हे फार उपयोगी पडतं. माणूस आडवा झोपून, एका हाताने गन दाबत, दुसऱ्या हाताने तोंड धरून ग्रीस मारतो तेव्हा चार निप्पलांतली दोन सुटतातच, हे माझ्या पोरांकडे बघूनच मला कळलंय.

निप्पल चांगलं, कप्लर चांगला, तरी हँडल दगडासारखं लागतंय? मग आत चोक आहे. निप्पल काढा, भोकात तार घालून सैल होईल तेवढं जुनं ग्रीस उकरा. मग भोकात डिझेल किंवा पातळ ऑइल भरून रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा भरा, निप्पल बसवा आणि गन मारा. ग्रीस मागून ढकलतं, ऑइल पुढे शिरतं आणि खडा भिजत भिजत सुटतो. घाई करू नका. दोन झटके, थांबा, पुन्हा दोन झटके. एकदम फटकन हँडल हलकं झालं की समजायचं, वाट मोकळी झाली. मग जुनं काळं सगळं बाहेर पडून नवं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहा, म्हणजे आत भरलेलं डिझेलही निघून जाईल. काही जण गॅसची ज्योत दाखवतात. पिन उघडी असेल, भोकात डिझेल नसेल आणि जवळ रबर सील, टायर, ब्रेकचा पाइप काही नसेल तर ठीक, एरवी मी करू देत नाही.

इथं एक गोष्ट जीव तोडून सांगतो. हाताच्या साध्या गनमध्येही हजारो पीएसआयचा दाब तयार होतो. चोक झालेल्या निप्पलवर जोर लावताना तोंडाजवळ बोट धरू नका. ग्रीस कातडीतून आत शिरलं तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि आतल्या आत बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि 'दाबाने ग्रीस आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

आता वजनाची गोष्ट. ग्रीसिंग करणाऱ्या दहातल्या आठ जणांना ही कुणी सांगितलेलीच नसते. तुमच्या ट्रॅक्टरची मधली पिन घ्या. ट्रॅक्टरच्या तोंडाचं सगळं वजन त्या पिनेवरून एक्सलवर उतरतं. म्हणजे पिन बुशच्या खालच्या बाजूला दाबून बसलेली आणि वरच्या बाजूला केसभर फट. निप्पल बहुतेक वेळा वरच्या अंगाला. तुम्ही गन मारता, ग्रीस वरच्या फटीत शिरतं आणि दोन्ही टोकांनी बाहेर येतं. तुम्हाला वाटतं झालं काम. पण घासतो तो खालचा भाग, आणि तिथं ग्रीस शिरायला जागाच नाही. ग्रीस म्हणजे आळशी गडी, सोपी वाट दिसली की तिकडेच पळतं.

म्हणून वजन काढा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅक एक्सलखाली लावायचा नाही, एक्सल ज्या पुढच्या ओतीव भागाला टांगलाय त्याच्याखाली लावायचा, म्हणजे चाकं आणि एक्सल खाली लोंबतील. मग घोडी, म्हणजे पक्का लोखंडी टेकू, लावा. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली शिरायचं नाही. आता पिन बुशमध्ये वर सरकते, खालची फट उघडते. गन मारा, एक्सल हाताने वर-खाली डुलवा, पुन्हा मारा. जी पिन आठवडाभर ग्रीस घेत नव्हती ती घटाघटा पिते, तुम्हीच बघाल.

शॅकलचंही तसंच. ट्रॉली रिकामी करा आणि चेसिसखाली जॅक देऊन पाटे लोंबू द्या. भरलेल्या ट्रॉलीला ग्रीसिंग म्हणजे निव्वळ ग्रीसची नासाडी. किंगपिनला मी दोन्ही प्रकारे मारतो. आधी चाकं जमिनीवर असताना, मग एक्सल उचलून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. उचलल्यावर खालच्या, उभं वजन झेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची फट उघडते, आणि स्टेअरिंग जड होण्यात तिचा वाटा मोठा असतो. ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातल्या क्रॉसला चार टोकं असतात. चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावलं पाहिजे. तीन बोलली आणि एक गप्प बसलं, तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा मारा. तरीही गप्पच असेल तर त्या बाजूची टोपी ढिली करून बघा, कारण क्रॉस तुटतो तो त्याच टोकाला.

एवढं झालं, आता डब्याकडे येऊ.

ग्रीस म्हणजे ऑइलच, साबणात धरून ठेवलेलं. निरांजनातल्या वातीसारखं समजा. जळतं तेल, वात फक्त ते धरून ठेवते. इथं साबण वातीचं काम करतो आणि पिनेला वाचवतं ते ऑइल. त्यामुळे डब्यावर तीन गोष्टी वाचायच्या: साबण कोणता, घट्टपणा किती आणि आतलं ऑइल किती जाड. रंग वाचायचा नाही. निळा, लाल, हिरवा हे रंग कंपनी टाकते. काळं असेल तर मात्र त्यात मॉलि (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची भुकटी) किंवा ग्राफाइट असण्याची शक्यता असते.

घट्टपणाला एनएलजीआय या अमेरिकेतल्या ग्रीस संस्थेचा नंबर असतो. २५ अंशांवर ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंद सोडतात आणि तो किती बुडाला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. ३ नंबरमध्ये २२० ते २५०, २ नंबरमध्ये २६५ ते २९५, १ नंबरमध्ये ३१० ते ३४०, ० नंबरमध्ये ३५५ ते ३८५. आपल्या भाषेत सांगायचं तर ३ नंबर म्हणजे टांगून ठेवलेला चक्का, २ म्हणजे श्रीखंड, १ म्हणजे कवडी दही आणि ० म्हणजे पिठलं. ००, ०००  हे त्याहून पातळ, ते बस-ट्रेलरच्या सेंट्रल ग्रीसिंगच्या बारीक नळ्यांतून जायला असतात.

तुमच्या निळ्या डब्याचा फोटो बघितला. लिथियम कॉम्प्लेक्स, ३ नंबर. ग्रीस वाईट नाही, जागा चुकलीय. आपल्याकडे दुकानात 'ग्रीस द्या' म्हटलं की एपी-३, म्हणजे सगळ्या कामाचं म्हणून विकलं जाणारं ग्रीस मिळतं, तेही ३ नंबरचंच. चाकाच्या मध्यावरच्या हबच्या बेअरिंगला ते ठीक आहे, कारण तिथं आपण ते हाताने भरतो आणि ते तिथंच राहावं अशी अपेक्षा असते. पण लांब, बारीक, अर्धवट चोक झालेल्या भोकातून ढकलायला चक्का कशाला? त्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला फडावर ट्रॉली लावायच्या आधी तुम्ही गन मारणार. त्या गारठ्यात ३ नंबर आणखी आखडतं. एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीस अंशांत तेच ग्रीस गनमधून लोण्यासारखं जातं, म्हणून उन्हाळ्यात ज्याची तक्रार नव्हती ते निप्पल हंगामात रुसतं.

तुमच्या तिन्ही जागांना, म्हणजे मधली पिन, किंगपिन आणि शॅकल, मी २ नंबरचं ईपी ग्रीस देईन. ईपी म्हणजे जबर दाब सोसणारं. साबण लिथियम किंवा लिथियम-कॅल्शियम. या जागा हळू हलतात, पण वजन प्रचंड आणि धक्के खातात, म्हणून आतलं ऑइल जाड असलेलं बरं. सर्वसाधारण ग्रीसमध्ये ऑइलची जाडी आयएसओ १५० ते २२०च्या आसपास असते, जड संथ कामाला ४६०चंही मिळतं. पण जाड ऑइल गारठ्यात पंपाला जड जातं, त्यामुळे पहाटेच्या ग्रीसिंगला मला २२० पुरेसं वाटतं. शक्यतो संध्याकाळी, गाडी कामावरून आल्यावर, पिना कोमट असतानाच ग्रीस मारा. निम्मी भांडणं मिटतील. तरी एखादं निप्पल अडलंच तर त्याला पहिले आठ-दहा झटके १ नंबरचे द्या, त्याच साबणाचे, आणि नंतर २ नंबर.

मॉलि घालावं का? किंगपिन, शॅकल, मधली पिन आणि टर्न टेबल (ट्रॉलीचा पुढचा वळणारा भाग) यांना ३ टक्क्यांच्या आसपास मॉलि असलेलं काळं ग्रीस छान चालतं. धक्क्यात ऑइलचा थर फाटला तरी मॉलिची पापुद्र्यासारखी चकती मध्ये राहते. पण तेच काळं ग्रीस वेगाने फिरणाऱ्या हबच्या बेअरिंगला भरू नका. तिथं बेअरिंगच्या रोलरने फिरायला हवं, घसरायला नको. एकच डबा सगळीकडे चालवायचा असेल तर मॉलिशिवायचं २ नंबर घ्या.

पाणी आणि चिखल हा आपला खास प्रश्न. काळी माती ओली झाली की चिकटते, आणि हंगाम संपल्यावर लोक सर्व्हिसिंग सेंटरवर जोराचा फवारा मारून गाडी धुतात. तो फवारा सीलवर धरला की पाणी आत आणि ग्रीस बाहेर. जुन्या पद्धतीचं सोडियमचं ग्रीस पाण्यात विरघळतं, ते नकोच. जुनं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस पाण्याला चांगलं, पण साठ-सत्तर अंशांच्या पुढे टिकत नाही. पिनांना चालेल, ब्रेकच्या जवळ नको. कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस पाणी आणि वजन दोन्ही सोसतं, पण महाग आहे. ऊस वाहणाऱ्याला ते परवडतं का हा हिशोब तुमचा. माझं मत, त्या पैशात लिथियम-कॅल्शियम दुप्पट वेळा मारा. आणि गाडी धुतली की त्याच दिवशी सगळ्या निप्पलांना ग्रीस द्या, म्हणजे आत शिरलेलं पाणी ढकललं जाईल.

दोन ग्रीस एकमेकांत मिसळण्याबद्दल माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ट्रकच्या हबमध्ये लिथियमचं ग्रीस होतं. मी वरून 'न वितळणारं' म्हणून मिळणारं मातीच्या जातीचं ग्रीस भरलं. जुनं काढलं नाही, आळस केला. पंधरवड्यात ट्रक परत. हब उघडला तर आत ताक. दोघांचं जमलं नाही, सगळं पातळ होऊन सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. लायनर माझ्या खिशातून घातले. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स सहसा जुळतात, पण मातीचं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस दुसऱ्यात घालण्याआधी जुनं पूर्ण काढून धुतलंच पाहिजे. पिनेत ते सगळं निघत नाही, म्हणून पिनांना एकच जात धरा आणि ती बदलू नका.

आणि ग्रीस जात नाही म्हणून डब्यात जुनं इंजिन ऑइल नाहीतर डिझेल ओतून ढवळायची पद्धत आपल्या भागात आहे, ती बंद करा. साबणाचा तोल बिघडतो, ऑइल निथळून जातं आणि आत उरतो तो नुसता साबण. तोच पुढे वाळून खाचेत दगड होतो. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला मी विचारलं होतं, "काय मिसळत होतास रे?" हसला आणि गप्प बसला.

किती दिवसांनी मारायचं? बहुतेक ट्रॅक्टरच्या पुस्तकात पुढच्या एक्सलला दहा किंवा पन्नास तासांचा आकडा असतो. पन्नासचा असेल तर तो कोरड्या, स्वच्छ कामासाठी समजा. हंगामात, रात्रंदिवस फडातून कारखान्यावर आणि कारखान्याच्या रांगेतून परत फडात, अशा वेळी मधली पिन आणि टर्न टेबल रोज, किंगपिन-शॅकल चार-पाच दिवसांनी. जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं, नाहीतर त्यावर माती बसून कानस तयार होते. गन मारायच्या आधी निप्पलचं डोकं फडक्याने पुसायला विसरू नका. ते न पुसता मारलं तर माती तुम्हीच आत घालताय.

या सगळ्यानंतरही किरकिर राहिली, तर चाक उचलून वर-खाली हलवून बघा. पिनेत ढिलाई हाताला लागत असेल तर बुश गेलाय. त्याला कुठलंच ग्रीस उपयोगी नाही. हंगामाआधी बुश आणि पिन बदलून घ्या. रांगेत उभ्या असलेल्या भरल्या ट्रॉलीसमोर पिन तुटली तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तो निळा डबा फेकू नका. ट्रॉलीचे हब यंदा उघडणारच असाल तर तो तिथं वापरा. बेअरिंगच्या रोलरमध्ये तळहाताने दाबून दाबून भरा, पण हबची पोकळी मात्र अर्ध्याच्या वर भरू नका, जास्त भरलं की तापतं. आणि शॅकलची जी निप्पलं अडलीत ती काढून हातात गनला लावून बघितल्यावर काय दिसलं ते कळवा, म्हणजे चोक निप्पलमध्ये आहे की पिनेत ते ठरवता येईल.